पलीकडची बाजू

फोटो एकच आहे, आणि तोही अलीकडून.
छत्री मिटणारा स्टेशनमास्तर, दुधाचे कॅन,
एक कंटाळलेलं कुत्रं,
आणि त्यांच्या मागे तो डबा: तिसऱ्या वर्गाचा, पाच खणांचा,
टोकाला गार्डची खोली.
फोटोच्या पाठीवर पेन्सिलीत: हॅल्टबर्न, सप्टेंबर.
साल पुसलेलं.

एवढ्यावर मी अर्धा डबा उभा केला.
फुटाला चार मिलिमीटर.
या मापात मी स्वतः बोटाच्या एका पेराएवढा.
पत्रा प्लास्टिकचा, पोस्टकार्डासारखा पातळ.
खिडकीचे कोपरे आधी टोचायचे,
मग पातं, तीनदा हलकं, चौथ्यांदा जरा मनापासून,
कारण घाईत ते कोपरा ओलांडतं,
आणि चौदा खिडक्या झालेल्या असतात
तेव्हाच ओलांडतं.

छत बाटलीवर गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतलं.
मुठी पितळी तारेच्या. त्यातल्या दोन गालिच्यात हरवल्या,
एक माझ्या टाचेत सापडली.
सांगाडा मात्र दुकानातल्या एका लठ्ठ डब्याचा.
करवतीने कापला, दोन खण काढून टाकले,
पुन्हा जोडला. सांधा दिसत नाही.
माझे गुडघे हे बघून हसले असतील.

पलीकडची बाजू चार वर्षं कोरी.
क्लबातला गॉर्डन म्हणाला, कथबर्ट, हीच उलटी करून काप,
भिंतीकडेच तर असते ती.
खरं होतं.
दर हिवाळ्यात पत्रा टेबलावर घ्यायचो,
पट्टी ठेवायचो, उचलायचो,
आणि मालगाडीची दुरुस्ती काढायचो.

मार्चात चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं.
बाहेर गारठा, आत चहाच्या किटल्यांची वाफ.
एडना डॉड आल्या, नव्वदीच्या, भाची खुर्ची ढकलत होती.
डबा दोनदा समोरून गेला.
तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या,
ही बाजू मी कधी पाहिलीच नाही.

आमचं घर रुळांपलीकडे, ओढ्याच्या अंगाला.
गाडी आम्हाला पाठमोरीच दिसायची.
मी विचारलं, आणि फलाटावरून?
फलाटावर कशाला?
आम्हाला कुठे जायचं होतं?

मग त्या सांगत गेल्या, मी चहाच्या कुपनावर लिहीत गेलो.
तिसऱ्या खणाची मधली खिडकी फळीने बुजवलेली,
फळीचा रंग बाकीच्या डब्याहून लाल, चुकल्यासारखा.
गार्डची खिडकी थंडीतही अर्धी खाली,
कारण तिथून तो पेपर फेकायचा,
गुंडाळून, दोरीने बांधून, थेट कोबीच्या वाफ्यात.
बाबा त्याला अंडी द्यायचे. कशी द्यायचे, ते आठवत नाही,
गाडी तर थांबायची नाही.
शेवटच्या शनिवारी पेपर आलाच नाही.
त्याने दोरीचं उरलेलं बंडल फेकलं.
आईला ते दोन वर्षं पुरलं.

आणि दाराच्या मुठी? कुठल्या हाताला?
अहो, अंधार असायचा, त्या म्हणाल्या,
आणि भाचीकडे बिस्किट मागितलं.

त्या रात्री मी आधी खिडकी कापली, मग बुजवली,
त्यांनी ज्या क्रमाने केलं असेल त्याच क्रमाने.
लाल रंगात जरा जास्तच लाल मिसळला.
मुठी अंदाजाने लावल्या,
आणि अंदाजाने लावल्या असं डब्याच्या तळाशी लिहून ठेवलं.

आता फोटोतली बाजू भिंतीकडे असते.
लोक विचारतात, ही खिडकी राहिली का?
गॉर्डन माझ्या आधीच उत्तर देतो,
आणि दर वेळी अंडी एक डझनाने वाढवतो.

गार्ड अजून बसवलेला नाही.
हात बाहेर काढलेला पेराएवढा माणूस
कुठल्याच दुकानात मिळत नाही.
गळ टाकून बसलेला एक कोळी मागवलाय.
त्याचा खांदा कापून, जरा वर वळवून,
गळाच्या जागी काही बसतंय का, बघतोय.